चौदा नंबरची हजेरी

४ जुलै

तोफदादा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. गेली आहे ती फळी. लढाईत गेलेल्या तुमच्या वर्गमित्रांच्या सात नावांची, शाळेच्या सभागृहातली लाकडी फळी. वाळवीनं ती आतून खाल्ली. शिपाई पुसायला गेला तर त्याचं बोट लाकडात घुसलं, नेमकं पाचव्या नावात. वीस वर्षांपूर्वी तिच्या अनावरणाला तुम्ही भाषण केलं होतं. भाषण लोकांच्या लक्षात आहे, फळी टिकली नाही.

आता दगडाची पाटी करायची ठरली आहे. मी शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण माजी विद्यार्थ्यांच्या समितीचं कार्यवाहपद माझ्याच गळ्यात आहे. २८ सप्टेंबरला शाळेचा वर्धापनदिन. त्या दिवशी अनावरण आणि तुमचं भाषण. भाषण कोणाचं ठेवायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. अध्यक्ष म्हणाले, "तोफेला कळवा," आणि पुढचा विषय घेतला.

पाथरवटाचं दुकान स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे. तो आधी पेन्सिलीनं नाव आखतो, दोन पावलं मागे जाऊन बघतो, मग छिन्नी लावतो. एका नावाला दीड दिवस. "यादी पक्की करून आणा, बाई," म्हणाला, "दगडाला खोडरबर नसतं."

म्हणून हे पत्र. हुद्दे आणि तारखा चुकू नयेत यासाठी मी सैन्याच्या अभिलेख कचेरीला लिहिलं आहे. तुम्हाला विचारायचं ते असं, की मागच्या वेळी तुम्ही घातलेला नियम, 'लढता लढता पडले त्यांचीच नावं', तोच ठेवायचा का? मनात आहे तो तुमच्याच वर्गातला काडी. तो छावणीत तापानं गेला, म्हणून फळीवर आला नाही. त्याची आई त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसली होती. नावं वाचून संपली तशी ती उठली आणि कोणाला वाट द्यायला न लावता भिंतीकडेनं निघून गेली. आता तीही नाही.

आमच्या दादाचं नाव फळीवर चौथं होतं. दगडावरही ते असेल, एवढंच मला बघायचं आहे.

तुमची,
शेपूट (वय बासष्ट)


११ जुलै

शेपूट,

बासष्ट असो की ब्याऐंशी, तुझ्या दादाच्या, म्हणजे आमच्या ढापण्याच्या, मागे मागे आमच्या वर्गाच्या दारापर्यंत यायचीस म्हणून ठेवलेलं नाव आहे ते. त्यावर अपील चालत नाही.

भाषण करणार, हे काय विचारणं झालं! सूनबाई म्हणते, "बाबा, डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला मनाई केली आहे." मी म्हटलं, "हळू बोलता आलं असतं तर मित्रांनी मला पिचकारी म्हटलं असतं, तोफ नाही." ती हसली नाही. चांगली मुलगी आहे, पण विनोदाच्या बाबतीत थेट माझ्या मुलावर गेली आहे.

आता नियम. तो तोच राहील, एक अक्षर बदलायचं नाही. मरण सगळ्यांनाच येतं. तापानं येतं, जिन्यावरून घसरून येतं, काही न करता गादीवर पडल्या पडल्या येतं. मरणाला दगड लावायचा नसतो. दगड लावायचा तो समोर मरण दिसत असताना पुढे पडलेल्या पावलाला. काडीचं मला वाईट वाटतं. पण वाईट वाटणं हा निकष झाला, तर उद्या गावातली एक भिंत मोकळी राहणार नाही. पडलेला आणि मेलेला यांतला फरक ज्या समाजाला कळेनासा होतो, त्याला पुढच्या वेळी पडायला कोणी मिळत नाही. हे अध्यक्षांना असंच्या असं वाचून दाखव.

ढापण्याचं वाक्य भाषणात असणारच: 'ज्याला वर्गातल्या फळ्यावरचं दिसत नव्हतं, त्याला रणांगणावर मरण स्वच्छ दिसलं आणि त्यानं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.' आजवर तीन वेळा हे बोललो. तिन्ही वेळा लोक टाळ्या वाजवायचं विसरले.

नावं हुद्द्याप्रमाणे लाव. आणि नियमाच्या बाबतीत कोणाची भीड धरू नकोस.

तुझा,
तोफदादा


२ ऑगस्ट

तोफदादा, नमस्कार.

तुमचं पत्र समितीच्या सभेत वाचलं. सगळ्यांनी मान डोलावली. नियम एकमतानं कायम झाला. इतिवृत्तात मीच लिहून घेतला, खाली सही केली.

चार दिवसांनी अभिलेख कचेरीचं उत्तर आलं. सहा जणांचं सगळं जुळतं. उरलेल्या एकाचं उतरवून देते:

'दृष्टी अपुरी आढळल्याने लढाऊ तुकडीतून वगळले. रसद कोठारावर लेखनिक म्हणून नेमणूक. कोठारास लागलेल्या आगीत छप्पर कोसळून मृत्यू. ठिकाण आघाडीपासून तीस मैल मागे.'

आणखी दोन ओळी आहेत, त्या यादीच्या कामाच्या नाहीत.

हा उरलेला एक म्हणजे आमचा दादा. तुमच्या नियमाप्रमाणे त्याचं नाव दगडावर येत नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा सख्खा भाऊ आहे, तुम्हीच सांगा काय करायचं." मी म्हटलं, नियम सख्खा-चुलत बघत नाही. पाथरवटाला सहा नावांची यादी देऊन आले. त्यानं पहिलं नाव आखायला घेतलं आहे.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. भरतीच्या दिवशी सकाळी दादा चष्मा घरीच ठेवून गेला होता. कपाटाच्या वरच्या खणात. तो अजून माझ्याकडे आहे, परवा काढून पाहिला. काच इतकी जाड, की अक्षरावर धरली तर अक्षर खेकड्याएवढं होतं. चष्म्याशिवाय दादाला स्वतःच्या ताटाची कड दिसत नव्हती. मग डोळ्यांच्या तपासणीत तो पास कसा झाला? रांगेत तुम्ही त्याच्या मागेच उभे होतात.

शेपूट


७ ऑगस्ट

शेपूट,

हे काय चालवलं आहे तुम्ही लोकांनी? थांबव त्या पाथरवटाला!

पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईत कोणत्या कारकुनानं काय खरडलं, त्यावर माझ्या मित्राची पात्रता ठरणार? चाळीस वर्षं मी सरकारी कागदांची उलटतपासणी करण्यात घालवली आहेत. कागद हा साक्षीदार म्हणून जगातला सगळ्यात निर्लज्ज. जिवंत माणसाला मृत म्हणतो, मृताला थकबाकीची नोटीस धाडतो, आणि कधी लाजत नाही. एकाच्या फायलीत दुसऱ्याचं पान गेलं नसेल कशावरून? मी आजच त्या कचेरीला खरमरीत पत्र लिहितो.

आणि समज, कागद खरा आहे. तरी रसद म्हणजे काय? रसदीवाचून आघाडी एक दिवस उभी राहील का? ज्याच्या कोठारातून गोळी निघते तो गोळी झाडणाराच असतो. त्या अर्थानं ढापण्या लढता लढताच पडला. नियमाला धक्का न लावता हा अपवाद बसतो. तसं अध्यक्षांना वेगळ्या पाकिटातून कळवलं आहे. सातवं नाव कोरायला सांग, जबाबदारी माझी.

तपासणीबद्दल काय सांगू? भरतीची घाई होती, माणसं हवी होती, तपासण्या नावाला होत्या. त्या काळी कोणाचं काय बघितलं जात होतं!

इकडे उकाडा फार आहे. प्रकृतीला जप.

तोफदादा


१३ ऑगस्ट

तोफदादा,

तीन पानांत मी न विचारलेल्या पुष्कळ गोष्टींची उत्तरं तुम्ही दिलीत. विचारलेल्या एका गोष्टीला उकाड्याच्या वर दोन ओळी मिळाल्या.

तपासण्या नावाला होत्या म्हणता. मग तुम्ही कशात नापास झालात? तळपाय सपाट आहेत म्हणून तुम्हाला परत पाठवलं, हे गावाला माहीत आहे. ज्यांनी पाय इतके बारकाईनं बघितले, त्यांनी डोळे बघितले नाहीत?

तुमचा अपवाद समितीनं लगेच मान्य केला. वकिलाचं पत्र होतं, शिवाय कार्यवाहांचा भाऊ. मी म्हटलं, दादा बसतो तर काडीही बसवा, तोही सैन्याच्या छावणीतच गेला. सगळे पाणी प्यायला लागले. एकानं पंखा लहान करायला सांगितला. मग मीच म्हटलं, अपवाद नको. आमच्या दादाचं नाव मागच्या दारानं आत येणार नाही.

पाथरवटाची पाच नावं झाली, सहावं चालू आहे. सहाव्यानंतर तो थांबेल. खाली जागा मोकळी दिसते. "एवढी मोकळी बरी दिसत नाही, बाई," म्हणतो, "वेलबुट्टी काढू का?" मी नको म्हटलं.

माझा प्रश्न तिथेच आहे.

शेपूट


३० ऑगस्ट

शेपूट,

सतरा दिवस लागले. सूनबाईला वाटलं आजारी आहे. तिनं डॉक्टर बोलावला. त्याला काही सापडलं नाही.

आमच्या वर्गात हजेरी कशी चालायची ते तुला ऐकून माहीत असेल. मास्तर नंबर पुकारायचे आणि मान वर करायचे नाहीत. 'हजर' ऐकू आलं की टिंब. म्हणून वर्गाचा एक अलिखित कायदा होता: जो आला नाही त्याची हजेरी मागच्या नंबरानं द्यायची. कोणाचाही गैरहजरचा शेरा पडू द्यायचा नाही. ढापण्या चौदा, मी पंधरा. चौदाला बारीक आवाज, पंधराला माझा. लोक म्हणतात मी वक्तृत्व कॉलेजात शिकलो. मी ते चौदा आणि पंधरा यांच्या मध्ये शिकलो.

एकदा ढापण्या उशिरा येऊन माझ्या नकळत बाकावर सरकला होता. मास्तर म्हणाले, "चौदा." दोन आवाज आले, त्याचा आणि माझा. त्या वर्षात तेवढ्या एकदाच मास्तरांनी मान वर केली. म्हणाले, "चौदा नंबर आज दोनदा हजर आहे. म्हणजे पुढे कधी एकदा नसला तरी चालेल." वर्ग किती तरी वेळ हसत होता.

भरतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या कठड्यावर उभं राहून मी जे भाषण केलं, ते तुझ्या कानावर आलं असेल. वय अठरा. त्या भाषणानं दहा जण उठले, मी अकरावा. सकाळी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात रांग लागली. ज्याच्या त्याच्या हातात नावाची चिठ्ठी. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. टेबलाशी एक कारकून. चिठ्ठी ठेवायची, तक्ता वाचायचा, तो शिक्का मारायचा. त्याची मान खाली. ती मान बघितली आणि मला आपला वर्ग आठवला.

ढापण्यानं काही मागितलं नव्हतं, हे आधी लिहितो. तो म्हणत होता, "मी परत जातो रे, नाहीतरी मला तक्ताच दिसत नाही, अक्षरं कुठली दिसणार?" मी म्हटलं, "चिठ्ठी दे इकडे. तुझी हजेरी मी देतो." तो म्हणाला, "आणि तिथे गेल्यावर दिसलं नाही तर?" मी म्हटलं, "तू आत तर शीर. पुढचं पुढे." मी माझ्या चिठ्ठीवर तक्ता वाचला, इमारतीला वळसा घातला, त्याचा कोट चढवला आणि त्याच्या चिठ्ठीवर पुन्हा वाचला. बारीक आवाजात. कारकुनानं दोन्हीवर शिक्के मारले.

पुढच्या खोलीत डॉक्टर पाय बघत होता. मान वर करून. माझे डोळे भरती झाले, पाय घरी आले.

आता नियमाबद्दल. मी तो तत्त्व म्हणून मांडला आणि लोकांनी तत्त्व म्हणूनच घेतला. गेले सतरा दिवस मी त्याची उलटतपासणी करतो आहे. तो तत्त्व नव्हता. ढापण्या लढता लढता, समोर बघत पडला असेल, तर मी त्याला जिथे धाडलं ती जागा त्याचीच होती. मला तो तसाच मरायला हवा होता. तापानं, अपघातानं, छपराखाली मेलेल्यांना त्या यादीत घेतलं असतं, तर ढापण्याही तसाच कुठेतरी गेला असेल, ही शंका आत आली असती. म्हणून दार लावून घेतलं. काडी आणि त्याची आई बाहेर राहिली, ती त्यासाठी.

नियम मागे घेतो. समितीला वेगळं पत्र जोडलं आहे, तेही वाचून दाखव. भाषण मी करणार नाही. दादा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तोफ


५ सप्टेंबर

तोफदादा,

हाक बदललेली नाही, हे वरच्या ओळीत दिसलं असेलच.

तुम्ही लिहिलंत ते मला माहीत होतं. लढाईच्या पहिल्या महिन्यापासून. दादाचं पत्र आलं होतं, माझ्या नावानं. मी तेव्हा बारा वर्षांची. त्यातला मजकूर उतरवून देते:

'शेपूट, तिसऱ्याच दिवशी पकडला गेलो. साहेबांनी लांबून बोटं दाखवली, किती म्हणून विचारलं. मी पाच म्हटलं. तीन होती. साहेब पोट धरून हसले, मग म्हणाले, घरी जा. मी म्हटलं, दहा आलोय, नऊच कसे राहतील? तेव्हा मला कोठारावर लिहायला बसवलं. रोज सकाळची हजेरी माझ्याकडे. दीडशे माणसं. मास्तरांसारखी नाही घेत, मान वर करून, एकेकाचं तोंड बघून घेतो, कारण तोफेसारखे पठ्ठे सगळीकडे असतात. इथे कोणी कोणाची हजेरी देत नाही. तोफेनं माझी दिली, ते कोणाला बोलू नकोस. त्याच्यावर बालंट येईल. त्यालाही मी कोठारावर आहे हे सांगू नकोस, लगेच त्याचं भाषण करील. डॉक्टरांनी कोणाचा तरी जुना चष्मा दिला आहे. लांबचं थोडं दिसतं, वहीतलं दिसत नाही. माझा वरच्या खणात आहे, तो पाठव.'

आधी त्यानं सांगितलं म्हणून गप्प राहिले. पुढे वाट बघत राहिले. दादा तिथे कसा होता, काय करत होता, हे तुम्ही आम्हाला कधी तरी विचाराल, असं वाटायचं. तुम्ही तीन भाषणं केलीत. विचारलं एकदाही नाही.

आता माझं. चष्मा मी पाठवला नाही. रुमालात गुंडाळून पोस्टापर्यंत नेला आणि परत आणला. चष्मा नाही म्हणजे वही दिसणार नाही, वही दिसली नाही की साहेब त्याला घरी पाठवतील, असा माझा विचार. आईला सांगितलं, पोस्टात टाकला म्हणून. त्यानं आणखी दोनदा मागितला. तिसऱ्या वेळी लिहिलं होतं, 'वाटेत हरवला असेल, असू दे.' नंतर पत्र आलं ते सरकारी.

म्हणून चष्मा माझ्याकडे आहे. ऑगस्टच्या पहिल्या पत्रात मी तो तुमच्यापुढे धरला, तेव्हा हे लिहायचं टाळलं होतं. तुमच्या डोळ्यांनी तो गेला, की माझ्या खणातल्या चष्म्यानं, याचा निकाल लावायला मी बसलेली नाही. तुम्हीही बसू नका. वकील आहात म्हणून मुद्दाम सांगते.

काल सभा झाली. तुमचं पत्र वाचलं. मग मी सूचना मांडली: जे या वर्गाच्या हजेरीपटावर होते, गेले आणि परत आले नाहीत, ते सगळे. हुद्दा नाही, कारण नाही. पटावरच्या क्रमानं. परत आलेल्या दोघांपैकी आता हयात आहेत ते घड्याळजी. त्यांना ऐकू कमी येतं, पण यालाच पहिला हात त्यांनी वर केला. आठ नावं. काडीचा नंबर तीन, म्हणून तो सगळ्यात वर.

पाथरवटाकडे गेले तर सहा नावं कोरून, पुसून, दगड भिंतीला टेकवलेला. सगळं सांगितलं. त्यानं एका अक्षराच्या खाचेत नख घालून खोली पाहिली. "अख्खा दगड बोटभर तासावा लागेल," म्हणाला. "अपमान दगडाचा नाही हो, माझा आहे." मी म्हटलं, चूक आमची. "ते तर झालंच," म्हणाला आणि तासणी शोधायला लागला.

भाषण करू नका, हे बरोबर. पण या. हजेरी तुम्ही घ्यायची आहे. आठ नंबर पुकारायचे, प्रत्येकानंतर थांबायचं, आणि कोणीही उत्तर द्यायचं नाही. मान वर करून.

शेपूट


३ ऑक्टोबर

शेपूट,

कार्यक्रमानंतर आपलं बोलणं झालं नाही. तू खुर्च्या मोजून परत देत होतीस आणि मला गाडी होती. म्हणून लिहितो.

अध्यक्षांनी ओळख करून देताना 'तोफ धडाडणार' म्हटलं. भाषण नाही, हे त्यांना कोणी कळवलेलं दिसलं नाही, की तू मुद्दाम कळवलं नाहीस? मी पट उघडला. जुना पट तू कुठून काढलास कोण जाणे. पानांना अजून शाईचा वास आहे. मास्तरांची टिंबं बघितली. चौदापुढच्या टिंबांपैकी निम्मी माझी असावीत. ती कुठली, हे आता मलाही सांगता येणार नाही.

'तीन' म्हटलं आणि थांबलो. समोर काडीकडचं कोणी नव्हतं. शेवटच्या रांगेत भिंतीकडची एक खुर्ची मोकळी होती. तिथेच बघितलं.

मग पाच, नऊ, अकरा. घड्याळजी पहिल्या रांगेत कानामागे हात धरून बसले होते. 'चौदा' म्हटलं. माझ्या गळ्यात तो बारीक आवाज आला होता. पन्नास वर्षं वापरला नाही, तरी जागच्या जागी होता. तो येऊ दिला नाही. मान वर केली. समोर उघडं दार, दाराबाहेर पटांगण. तिथून कोणी आलं नाही. तू तिसऱ्या रांगेत होतीस. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, दाराकडेच बघत होतीस. मला वाटतं त्या वेळी ढापण्या पहिल्यांदा गैरहजर लागला.

पुढचे तीन नंबर घेतले आणि पट मिटला. अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "आणि भाषण?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग घड्याळजी उठून उभे राहिले, म्हणून बाकीचेही राहिले.

दगड हात लावून बघितला. तासल्याची खूण कुठे दिसत नाही.

आता जे पन्नास वर्षांपूर्वी विचारायचं, ते विचारतो. ढापण्या तिथे कसा राहिला? कुठे झोपायचा, कोणाबरोबर जेवायचा, कोणाशी भांडला? त्याचे साहेब कसे होते? त्याची पत्रं असतील तर मला वाचायची आहेत. कोणत्या भाषणात घालण्यासाठी नाही.

तोफदादा


९ ऑक्टोबर

तोफदादा,

अध्यक्षांना मुद्दाम कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्यांनी दुसरा वक्ता बघितला असता आणि दोन तास गेले असते.

तुम्ही विचारलंत, म्हणून आता अभिलेखातल्या त्या उरलेल्या दोन ओळी लिहिते. 'आग लागल्यावर सर्वांना बाहेर काढण्यात आले. लेखनिकाने मोकळ्या जागेत हजेरी घेतली असता दोघे कमी भरले. त्यांस पाहण्यासाठी तो आत गेला.'

ऑगस्टमध्ये हे लिहिलं असतं, तर दादा तुमच्या नियमात कोणत्याही अपवादाशिवाय बसला असता, तुमच्या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या आणि काडी बाहेरच राहिला असता. म्हणून दाबून ठेवलं. ते दोघे नंतर पलीकडच्या बाजूनं बाहेर आले होते, असं साहेबांनी आईला लिहिलेल्या पत्रात आहे. घाबरून लांब जाऊन बसले होते. इतकंच.

दादाची पत्रं एकोणीस आहेत. टपालानं पाठवणार नाही. एकदा पोस्टाच्या दारातून परत आले आहे, आता पुन्हा जायची हिंमत नाही. तुम्हीच या. दोनतीन दिवस राहायच्या तयारीनं या, अक्षर बारीक आहे आणि शेवटच्या पत्रांत ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. त्याला दिसत नव्हतं, त्या काळातल्या. त्या मला पाठ आहेत, मी सांगेन. सूनबाईंनाही आणा. इथे मोठ्यानं बोलायचं काही काम नाही.

टेबल खिडकीशी लावून ठेवलं आहे. खणातला चष्मा पत्रांशेजारी असेल.

हजेरी मान वर करून घ्यायची असते. पत्रं मान खाली घालून वाचलीत तरी चालेल.

शेपूट